जिन्यात थुंकणारी बाई

सुरेखा कोळीचं नाव आमच्या सोसायटीत अजूनही कधीतरी निघतं. निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "ती होय, जिन्यात थुंकणारी!" आणि सगळे हसतात. मी गप्प बसतो. इतकी वर्षं गप्पच बसत आलो. हे लिहून टाकावं असं अनेकदा वाटलं, पण लिहायला बसलो की पाणी प्यायला उठायचो आणि उठलो की पेपर चाळत बसायचो. आता माझी ऐंशी उलटली. मागच्या वर्षी सुरेखाही गेली. तिच्याबद्दल इथे जे सांगितलं जातं ते खरं नाही, आणि ते पसरलं माझ्यामुळे.

ती मला आवडत नव्हती, हे आधीच सांगतो. मीही तिला आवडत नव्हतो.

नवीन पनवेलमधल्या आमच्या पाच मजली बिल्डिंगचा मी त्या वेळी चेअरमन होतो. सरकारी नोकरीतून नुकताच निवृत्त झालेला, हातात भरपूर वेळ आणि हुकूम सोडायची सवय. सुरेखा माझ्या डोक्यावरच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. खांद्याला दोन-अडीच वर्षांची मुलगी होती. मुलीचा खालचा जबडा नावापुरता, गालाची हाडं आत गेलेली, डोळ्यांचे कोपरे खाली उतरलेले, कानांच्या जागी कातडीच्या बारीक घड्या. आणि गळ्यात, बरोबर मध्ये, प्लास्टिकची एक आखूड नळी. श्वास त्या नळीतूनच आत-बाहेर होत होता, पाण्यातून हवा गेल्यासारखा आवाज करत.

मी विचारलं, "हे पसरत वगैरे नाही ना?"

सुरेखानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पसरतंय ना. भोचकपना पसरतंय. तुमाला तर चांगलाच झालेला दिसतंय."

हा तिचा स्वभाव. मुलीकडे कोणी टक लावून पाहिलं की ती भर बाजारात थांबायची आणि विचारायची, "तिकीट काढलंस काय रं? नाय ना? मंग चल, फूट." भाजीवाला, शाळेची पोरं, देवळातून येणाऱ्या बायका, कोणाचीही गय नाही. दया दाखवणाऱ्यांवर तर तिचा जास्तच राग. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रधान वहिनी एकदा "बिचारी" म्हणाल्या, तर ही म्हणाली, "बिचारी कोन? तुमी? का वो, घरी काय झाला?"

मुलीचं नाव मानसी. तिच्या आजाराची माहिती मला नरेशकडून, म्हणजे सुरेखाच्या नवऱ्याकडून कळली. तो बंदरात क्रेन चालवायचा, बोलायला मऊ होता. पोटात असतानाच मुलीच्या चेहऱ्याची हाडं नीट वाढली नव्हती. जबडा इतका मागे की जीभ घशावर पडायची आणि श्वासाची वाट बंद व्हायची. म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली. जबड्याचं ऑपरेशन मूल मोठं झाल्यावर. तोवर ही नळी सांभाळायची. त्यात कफ साठला की मशीननं ओढून काढायचा, दिवसा, रात्री, कितीही वेळा. राहिला तर पोर गुदमरणार. हॉस्पिटलपासून लांब राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून उरणजवळच्या मोरा बंदरावरचं घर, सासू-सासरे, होडी, सगळं सोडून ही माणसं पनवेलला आली होती.

सुरेखा हेच तिच्या पद्धतीनं सांगायची. "देवानं घर बांधला, दार ठेवाला इसरला. डाक्टरनं खिडकी पाडली. त्या खिडकीशी मी बसलंय राखन करत."

आणि खरोखर ती बसलेली असायची. दार सताड उघडं, उंबऱ्यात पाट, मांडीवर मुलगी उभी धरलेली, समोर कोलंबी सोलायला घेतलेली. सोलता सोलता हात मध्येच थांबायचा, कान मुलीच्या गळ्याशी जायचा. मग उठून आत, आणि मशीन सुरू.

ते मशीन माझ्या डोक्यावर चालायचं. घरघर, मग ओढल्याचा आवाज, मग शांतता, आणि पुन्हा घरघर. मला झोप लागेना. कोलंबीच्या वासाबद्दल इतरांच्या तक्रारी होत्याच. मी दोन्ही विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये घेतले. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मी उभा राहून रहिवाशांच्या शांततेबद्दल बोललो. चांगलं बोललो, असं मला वाटलं.

सुरेखा मुलीला घेऊन मागे बसली होती. ती उठली. "बरा. मशीन बंद करते. फकत एक काम करा. तुमी सगल्यांनी नाक-तोंड दाबून बसा. मी बघते. जो पयला हात काढंल, त्यानं परत मशीनीचा नाव काढाचा नाय." मग माझ्याकडे वळून, "चेरमनसाब, पयले तुमी. बोलून बोलून दमलाव, तेवढाच आराम."

गच्ची हसली. माझी बायकोही हसली. मशीनचा विषय तिथेच संपला आणि मी खाली येताना जिन्याच्या कठड्याला धरून उतरलो, इतका संताप आला होता.

ती लोडशेडिंगची वर्षं. वीज जायची तेव्हा सोसायटीच्या जनरेटरवर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातली वीज चालायची. प्रत्येक मजल्यावर जिन्यात एक प्लग होता, झाडूवाल्याच्या, वायरमनच्या कामाला. सुरेखाच्या घरचा इन्व्हर्टर बिघडला होता. वीज गेली की ती जिन्यातल्या प्लगमधून वायर दाराखालून आत ओढून मशीन चालवायची. नरेश मला येऊन भेटला. "काका, नवा इन्व्हर्टर सांगितलाय. येईपर्यंत चालू द्या. ती तुम्हाला बोलायला येणार नाही, तुम्हाला माहितीये ती कशी आहे."

मी म्हणालो, "सार्वजनिक वीज खासगी वापराला नाही. नियम तो नियम."

नियम असता तर मी नोटीस काढली असती. ती मी काढली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मीटर रूममध्ये गेलो आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्याचा फ्यूज उपटून सदऱ्याच्या खिशात टाकला. कोणाला सांगितलं नाही. तिनं माझ्या दारात यावं, एकदा तरी खालच्या आवाजात बोलावं, एवढंच मला हवं होतं.

थोड्याच वेळात वीज गेली. जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी जिना चढून वर गेलो. कशाला? गंमत बघायला. दुसरं कारण नव्हतं.

सुरेखा मुलीला काखेत घेऊन बाहेर आली होती आणि प्लग हलवून बघत होती. काढत होती, घालत होती. मुलीच्या गळ्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. मग तोही थांबला. छाती वर ओढली जात होती, पण आत काही जात नव्हतं. ओठ जांभळे पडले. मी चार पायऱ्या खाली उभा होतो. फ्यूज माझ्या खिशात होता. धावत खाली जाऊन तो बसवायला कितीसा वेळ लागला असता? माझे पाय हलले नाहीत. घाबरलो होतो असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. फ्यूज माझ्या हातात दिसेल, याची भीती जास्त होती.

सुरेखा पायरीवर बसली. हातातली मशीनची बारीक नळी तिनं मुलीच्या गळ्यातल्या नळीत घातली आणि दुसरं टोक स्वतःच्या तोंडात धरलं. ओढलं, भिंतीकडे थुंकली. पुन्हा ओढलं, पुन्हा थुंकली. मध्ये एकदा तिला उमासा आला, तो तिनं गिळला. "ये, मानशे, ये, ये गो बाय," एवढंच पुटपुटत होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेला खळ्ळ असा आवाज झाला आणि मुलीची छाती भरली. मुलगी रडली. त्या रडण्याला आवाज नव्हता, नुसतं तोंड वाकडं आणि डोळ्यांतून पाणी.

दारं उघडली. प्रधान वहिनीही वर आल्या आणि भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "शी! जिन्यात थुंकलीस? काय ही पद्धत!" सुरेखा मुलीला घेऊन आत गेली. हळूहळू बाकीची दारंही लागली. काय झालं ते पाहणारा मी एकटाच होतो आणि मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी फ्यूज परत बसवला. आठवडाभरात तक्रारी आल्या तेव्हा मी चेअरमन म्हणून फळ्यावर नोटीस लावली. जिन्यात थुंकल्याबद्दल तिसऱ्या मजल्यावरच्या कोळी कुटुंबाला दंड. खाली माझी सही. जी बाई बाजारात लोकांना "फूट" म्हणते ती जिन्यातही थुंकणारच, असं सगळ्यांना पटलं. सुरेखानं नोटीस फाडून दुधाच्या पिशवीत घालून माझ्या दाराला अडकवली. पावसाळ्याआधी ती माणसं फ्लॅट विकून मोऱ्याला परत गेली, हॉस्पिटलपासून लांब. ती पोर पुढे जगली की नाही, हे विचारायचीही माझी हिंमत झाली नाही.

आठ-नऊ वर्षांनी मात्र गेलो. पनवेलहून उरण, तिथून रिक्षानं मोरा. काय बोलायचं ते बसमध्ये मनाशी घोकलं होतं. सुरेखा धक्क्याजवळ मासळीचे वाटे लावत होती. शेजारी ओढणी गुंडाळलेली एक मुलगी पैसे घेत होती. जबडा आता पुढे आला होता, गालावर ऑपरेशनच्या खुणा होत्या. ती बोलायची तेव्हा एक बोट ओढणीवरून गळ्याशी दाबायची आणि मग घोगरा आवाज यायचा.

सुरेखानं मला लगेच ओळखलं. "काय चेरमन, दंड वसूल कराला आलास?"

मी म्हणालो, "नाही. मला जरा बोलायचं होतं. त्या दिवशी जिन्यात..."

"कोन हाय गो आये?" मानसीनं विचारलं.

"आपल्या पनवेलच्या बिल्डिंगीचा चेरमन. लय खवट मानूस." सुरेखानं पाण्याची बाटली माझ्या पुढे केली. "मना तर डोल्यासमोर नको व्हता. पन एक सांगते तुला. तुझा जीव गेलेला ना त्या दिशी, तवा सगली दारं लावून बसलेली. ह्यो तेवढा उभा राहिला. पलाला नाय. पाठी कोन तरी हाय म्हनून माझं हात चालले." मग माझ्याकडे बघून, "नोटीस लावलीस ती तुझी खोडच हाय, ती काय जानार? पन उभा राहिलास. बोल, काय बोलाचा व्हता?"

मानसी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, टिंगल नव्हती. मी पाणी प्यायलो. घोकून आणलेली सगळी वाक्यं मला आठवत होती, एकही विसरलो नव्हतो.

मी विचारलं, "उरणला जायला रिक्षा कुठून मिळेल?"