पाव इंच जास्त

माझे बाबा भांडुपच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ज्याला त्याला समजावून सांगावं लागलंय, तेव्हा इथेही एकदा सांगून टाकते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तो लाकडी नमुना बाबा करायचे. लोक हे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हणजे सुतारच ना?" बाबा काही बोलायचे नाहीत. मीच चिडायचे. माझं डोकं तसंही लवकर फिरतं.

बाबांचं माप चुकत नाही, हे आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. आता कोनाड्यात फळी बसवायची झाली तर ती पहिल्या फटक्यात कधीच बसायची नाही, हे खरं. पण बाबा भिंतीकडे बघायचे, "भिंत ओळंब्यात नाही," म्हणायचे आणि फळीच्या कडेला चार हात रंधा मारून ती बसवायचे. बिल्डरने आमच्या सगळ्या भिंती वाकड्या बांधल्यात, असं मी कॉलेजात जाईपर्यंत शेजाऱ्यांनाही सांगत होते.

मी डावखुरी. पहिलीत असताना बाबांनी सहा महिने रोज संध्याकाळी मला अभ्यासाला बसवलं, ते डावा हात रुमालाने कमरेशी बांधून. मारलं नाही, ओरडले नाहीत. रुमाल धुतलेला असायचा आणि गाठ घट्ट असायची. "सवय आहे, मोडते," एवढंच आईला म्हणायचे. मोडली नाही. लिहिणं तेवढं उजव्या हाताकडे गेलं, आणि माझं अक्षर आजही बघवत नाही. बाकी सगळं डावंच राहिलं. मग एक दिवस रुमाल बंद झाला. का बंद झाला, ते कोणी बोललं नाही. डाव्या हाताने कोणाला काही द्यायचं नाही, हा नियम मात्र राहिला. आईसुद्धा माझ्या डाव्या हातातून चहाचा कप घ्यायची नाही, मी हात बदलेपर्यंत नुसती बघत उभी राहायची.

तो रुमाल माझ्या डोक्यातून गेला नाही. मला बाबांकडून एकच वाक्य हवं होतं, की ते माझं चुकलं. बस. तेरा वर्षं मी त्याची वाट बघितली. आणि बाबा तर कधी चुकतच नव्हते.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. एका मैत्रिणीकडे धूळ खात पडलेली साधी गिटार होती. ती मी उलटी धरली, तारा काढून उलट्या क्रमाने चढवल्या आणि दोन वर्षांत बऱ्यापैकी वाजवायला लागले. मग इलेक्ट्रिक गिटारचं खूळ डोक्यात शिरलं. दुकानात डावखुरी आहे का विचारलं की दुकानदार आधी हसायचा आणि मग नाही म्हणायचा. माझा मामा बोटीवर होता. त्याला मी पत्रात लिहिलं आणि विसरून गेले. आठ महिन्यांनी तो सुट्टीवर आला, तेव्हा बगलेत एक लांबडं खोकं होतं. "ह्यां घे गो," म्हणाला. "लाकूड मातर बापाशीकडे माग."

खोक्यात गिटारची लांब दांडी होती, डाव्या हाताचीच. फ्रेट म्हणजे त्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्या आधीच बसवलेल्या होत्या. शिवाय तारांचा आवाज पकडणारे पिकअप, तारा अडकवायचा ब्रिज, किल्ल्या, बटणं, वायरी आणि एक ड्रॉइंग. बॉडी नव्हती. वजन वाचवायला मामाने बिनबॉडीचा किट घेतला होता. लाकूड आपलं आपण आणायचं आणि ड्रॉइंगवरून कापायचं. ते ड्रॉइंगही उजव्या हाताच्या गिटारचं होतं.

मी ते बाबांपुढे ठेवलं आणि तयारीतच बसले. आता ते डाव्या हातावरून काहीतरी बोलणार आणि मग मी बोलणार, असा माझा हिशोब होता. बाबांनी चष्मा लावला. ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलं, कागद पालथा घातला आणि म्हणाले, "झालं डावं." त्यांच्या कामात सगळंच उलटसुलट असायचं, त्यांना त्यात काही वाटलं नाही. रुमाल त्यांना आठवत होता की नाही, देव जाणे. मला उलट जास्तच राग आला.

कारखान्यात एका पंपाचा जुना सागवानी नमुना भंगारात काढला होता. बाबांनी रीतसर गेटपास करून तो घरी आणला. त्याच्यावर कारखान्याचा लाल रंग होता. पुढचे चार रविवार आमच्या गॅलरीत करवत, पटाशी आणि कानस चालली. आई म्हणायची, "भाजीत मोहरी कुठली आणि भुसा कुठला, कळत नाही." मी स्वयंपाकाच्या ओट्यावर पिकअपची जोडणी केली आणि सोल्डरच्या वासावरून आईची बोलणी खाल्ली. बाबा आणि मी एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. "धर." "सोड." "फुंकर मार." बाबा काम करताना बघत राहावं असे होते, हे मला मान्य करावंच लागेल. दांडी बॉडीत जिथे बसते तो खळगा त्यांनी असा कोरला, की दांडी बसल्यावर मधे पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. बॉडीच्या मागच्या एका कोपऱ्यात थोडा लाल रंग सागाच्या रेषांत मुरला होता, तो कितीही घासला तरी निघाला नाही.

बाबांनी आपल्या पट्टीने मोजून ब्रिज बसवला. तारा चढवल्या. आवाजासाठी गिटारची पिन मोठ्या रेडिओच्या मागे लावली. शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. मोकळ्या तारा सुरात लागल्या, खालचे सूरही ठीक वाजले. बॉडीच्या बाजूला वर वर जाऊ लागले तसा सूर उतरायला लागला. शेजाऱ्यांना ते कळलं नाही, त्यांना आवाज मोठा आहे याचंच कौतुक होतं. बाबांना सुरातलं काही कळत नव्हतं. ते नुसते बॉडीवरून हात फिरवत होते. मी म्हटलं, तारा नव्या आहेत, बसतील.

चेंबूरला एक ऑर्केस्ट्रा होता. त्यांना गिटार वाजवणारं कोणीतरी हवं होतं आणि मुलगी असली तर स्टेजवर बरं दिसतं, असं त्यांचं चाललं होतं. रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांची तालीम असायची. मी गिटार बेडशीटमध्ये गुंडाळून तिथे गेले. ऑर्केस्ट्रा चालवणारे काका पन्नाशीचे, तोंडात कायम सुपारी. त्यांनी मला दोन मिनिटं वाजवू दिलं आणि हात वर केला.

"खाली ठीक आहेस. वर गेलीस की उतरतेस. कान दाखवून ये डॉक्टरला."

"गिटार उतरतेय, मी नाही," मी म्हटलं.

त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली. बाराव्या फ्रेटवर बोट दाबून तार छेडली, मग मोकळी छेडली, आणि मान हलवली. "बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर यायला हवा. इथे ब्रिज मागे गेलाय. कुठल्या सुताराने केलीय ही?"

"सुतार नाही, पॅटर्नमेकर."

"जो कोण असेल त्याला म्हणावं, माप घ्यायला शिक. पुढच्या रविवारी ये. नाही झालं तर मी दुसरा बघतो."

चेंबूरपासून मुलुंडपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. घरी बाबा नव्हते, बाजारात गेले होते. मी माझी कॉलेजची स्टीलची फूटपट्टी काढली आणि तारेची लांबी मोजली. ड्रॉइंगमध्ये साडेपंचवीस इंच होती. माझ्या पट्टीवर ती दोन सूत जास्त भरली, थोडी वरच. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे पाव इंचाहून जास्त. मग बाबांची जुनी काळपट पट्टी घेतली, जी त्यांच्या पिशवीत कायम असायची. तिच्यावर बरोब्बर साडेपंचवीस. मी दोन्ही पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या, शून्याला शून्य लावून. बाबांचा फूट माझ्या फुटापेक्षा एका सुताने मोठा होता.

खरं सांगते, मला आनंद झाला. बाबा सापडले होते. आता ते 'माझं चुकलं' म्हणतील, हे मला माहीत होतं, आणि मला ते उभं राहून ऐकायचं होतं. आई म्हणाली, "अगं, जेवून घे." मी म्हटलं, मला भूक नाही.

बाबा भाजीची पिशवी घेऊन आत आले. मी त्यांना चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

"बाबा, माप चुकलंय."

आईचा हात पोळीवर थांबला. बाबांनी पिशवी खाली ठेवली, उकिडवे बसले आणि दोन्ही पट्ट्यांच्या टोकांवर अंगठ्याचं नख ठेवलं.

"ही कारखान्यातली," ते म्हणाले. "लोखंड गार होताना आकसतं. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशोब करत कोण बसणार, म्हणून पट्टीच मोठी करतात. हिच्यावरचा इंच मोठा असतो."

"माहीत होतं तर मग वापरलीत कशाला?"

"हाताला सवय. लाकूड समोर आलं की हात हिच्यावरच जातो." मग त्यांनी मान वर करून कोनाड्यातल्या फळीकडे बघितलं, तिथून डब्यांच्या फळीकडे, तिथून देवाच्या फळीकडे.

"म्हणजे भिंती सरळ होत्या?" आईने विचारलं.

"सरळ होत्या," बाबा म्हणाले. "माझंच चुकलं."

तेरा वर्षं वाट बघितलेलं वाक्य हे असं आलं, चप्पल घातलेली असताना, पाव इंचासाठी. मला वाटलं होतं मला फार बरं वाटेल. काहीच वाटलं नाही. समोर एक माणूस उकिडवा बसला होता, त्याचा चेहरा उतरला होता आणि शेजारी पिशवीतून मेथी बाहेर आली होती. मी मेथी उचलून ओट्यावर ठेवली. मला माझीच लाज वाटली. आणि रागही गेला नव्हता, तोही तिथेच होता.

गिटार दुरुस्त झाली. पुढच्या रविवारी चेंबूरच्या काकांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सुपारी चघळत "बस तिकडे," म्हणाले. त्यांच्याकडे मी दोन वर्षं वाजवलं. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. दुरुस्तीचं मात्र सांगायला हवं.

बाबांनी कधी नव्हे ती मधल्या वारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी कॉलेजातून आले तेव्हा ते गॅलरीत बसले होते. ब्रिजची जुनी भोकं त्यांनी सागाच्या गोल खुंट्या ठोकून बुजवली होती, वरून घासून सपाट केली होती. जवळून पाहिलं तर अजून दिसतात, त्या पंपाच्याच लाकडाच्या आहेत. "तुझी पट्टी दे," ते म्हणाले. मी दिली. त्यांनी तीनदा माप घेतलं. एरवी एकदाच घ्यायचे. मग ब्रिज जागेवर ठेवून मला धरायला सांगितला. मी डाव्या हाताने धरला, कारण मी सगळं डाव्याच हाताने धरते. ते माझ्या बोटांच्या शेजारी पेन्सिलीने खुणा करत होते.

वर न बघता ते म्हणाले, "तो रुमाल. दुखायचं का गं?"

माझं तोंड एरवी बंद नसतं. पण ह्या प्रश्नाची मी कधी तयारी केली नव्हती. मी फक्त त्यांच्या वाक्याची तयारी केली होती. नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं, आणि रविवारी पाहिलेला तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता.

"हो," मी म्हटलं. "गाठ रुतायची. रात्री मनगट दुखायचं."

बाबांनी मान डोलावली. चारही खुणा पुऱ्या केल्या, पेन्सिल कानावर ठेवली.

"तीस वर्षं झाली, मला ह्या हातातली एक पट्टी बदलता आली नाही," ते म्हणाले. "आणि तू सहा वर्षांची होतीस."

मग त्यांनी हातड्रिलने भोकं पाडली, भुसा फुंकला, ब्रिज ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हरसाठी हात पुढे केला. तो माझ्या डाव्या बाजूला पडला होता. मी उचलला तो डाव्या हाताने आणि सवयीप्रमाणे उजव्या हातात घ्यायला गेले.

"असू दे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तो माझ्या डाव्या हातातून घेतला.