सुई आणि कौल

चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. ओतीव भागात आत पोकळी असल्याचा संशय आला, तर तो कापूनच बघायचा, ही आमची रीत. पण माझ्याच फुप्फुसात गाठ दिसली आणि डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलं, तेव्हा माझं अवसान गळालं. सुई लागली की गाठ पेटते, हे लहानपणापासून ऐकलेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं, तरी मन ऐकेना; देवीला कौल लावून मगच ठरवू, असं मी म्हणालो. ‘‘पार्ट कापताना देवीला विचारता का हो?’’ बायको चिडून म्हणाली. तिचे डोळे मात्र भरलेले होते.

तपासणीच्या सकाळी मी मोशीतल्या देवळात कौल लावायला गेलोच. गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर सुई, डावी पडली तर घरी. खरं सांगतो, डावी पडावी म्हणूनच मी टक लावून बसलो होतो. एकही पडेना. बाहेर बायको रिक्षा थांबवून उभी होती.

शेजारी बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ‘‘कशाचा कौल, बाबा?’’ मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या,

‘‘आमच्या मालकांनीबी सुईला भिऊन घरीच दिस काढले. कशानं गेले, ते बी कळलं न्हाई. तू जा. तुज्या नावानं मी बसते हितं.’’

मी उठलो. कसा उठलो, मलाच माहीत नाही.

दवाखान्यात मला कुशीवर झोपवलं. बरगड्यांवर गार जेल लावून डॉक्टर पडद्यावर गाठ शोधत होते. श्वासागणिक ती हलत होती. ‘‘आता श्वास धरा, खोकू नका,’’ ते म्हणाले. एरवी श्वासाबरोबर नाम घेणारा मी; श्वास थांबला तसं नाम थांबलं, मागणंही थांबलं. आपल्यासाठी कुणीतरी बसलंय, एवढंच मनात उरलं आणि भीती ओसरली. सुईचा खट् आवाज झाला. तुकडा निघाला होता.

संध्याकाळी देवळात गेलो. बाई दुपारपर्यंत बसून होत्या, असं गुरव म्हणाले. कुठल्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला. आम्ही दोघं रडलो. पण तो कोणत्या प्रकारचा, हे कळलं आणि त्यावरचे उपचार सुरू झाले. त्या माउलीचे उपकार कसे फेडू? ‘बरं कर’ असं देवीला मी अजूनही म्हणतोच, माणूस आहे. पण त्याआधी ‘तुझ्या हाती’ म्हणतो, आणि मग औषध घेतो.