तेलाच्या नळीतला बुडबुडा

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात बाहेरचा फोन मोठ्या साहेबांच्या टेबलावर येतो. तो घ्यायचा म्हणजे सगळ्या टायपिस्टांच्या नजरा अंगावर घेत हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. गेल्या महिन्यात असाच फोन घेतला, तर पलीकडे रुबिना होती, यासीनभाईंची मुलगी. "ताई, अब्बा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा पिऊन खुर्चीवर बसले होते, बसल्या बसल्याच..." फोन ठेवल्यावर साहेबांनी विचारलं, "कोण गेलं? नातेवाईक का?" मी नुसती मान हलवली आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. शेवटी लिहिलं, 'घरचे.' साहेबांनी वाचलं आणि सही केली.

यासीनभाई माझे मोटारसायकलचे मेकॅनिक होते. मूळचे उरणच्या बाजूचे. ऐन तरुणपणात बोटीवर लागले आणि वीसेक वर्षं त्यांनी बोटीच्या इंजिनरूममध्ये ऑइलमन म्हणून काढली. कुठल्या यंत्राला कुठलं तेल, किती, कधी, एवढंच पाहण्याचं काम. तेलाच्या बाबतीत ते इतके काटेकोर का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोट समुद्राच्या मधी बंद पडली तर ढकलायला कोन येनार?" जमिनीवर परतल्यावर त्यांनी जुईनगरला स्टेशनच्या पलीकडे एक गाळा घेतला आणि दुचाक्या दुरुस्त करायला सुरुवात केली. उंच, सडपातळ माणूस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोही मनगटावर बटण लावून, आणि तरी बाहीला कधी डाग नाही. इंजिनातून काढलेल्या तेलाचा थेंब ते अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचे, वास घ्यायचे, आणि मगच पाना हातात धरायचे.

आमची गाठ पडली ती माझ्या धाकट्या भावामुळे, विलासमुळे. आम्ही साताऱ्याकडचे. आईवडील गावी, आणि आम्ही दोघं दिघ्यात एका खोलीत राहायचो. विलास रबाळ्याच्या एका कंपनीत टेम्पररी होता. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. रेस खेळल्यासारखं वाकून बसायची, बुटक्या हँडलची मोटारसायकल हे त्या वयाच्या पोरांचं वेड होतं. विलासनं जुनी का होईना, तशीच घेतली. लाल टाकी, शंभर सीसी, टू-स्ट्रोक. या जातीच्या गाडीत तेल पेट्रोलबरोबरच जळतं. बाजूला तेलाची छोटी टाकी असते आणि एक पंप बारीक नळीतून ते थोडं थोडं इंजिनाला देत राहतो. विलास पेट्रोल पंपावर सुटं मिळेल ते तेल भरायचा. महिनाभरात सायलेन्सर काजळीनं चोंदला, प्लग ओला काळा व्हायला लागला आणि गाडी चढावर दम टाकायला लागली. कुणीतरी त्याला भाईंकडे पाठवलं. भाईंनी प्लग काढून उन्हात धरला आणि विचारलं, "घरात जेवन कशात करता? रस्त्यावरून मिळंल त्या तेलात?" मग त्यांनी त्याला नीट बसवून सांगितलं. तेल टू-स्ट्रोकचंच घ्यायचं, सीलबंद घ्यायचं, एकदा जे घेतलं तेच चालू ठेवायचं, दर वेळी नवं नाही. आणि घट्ट तेल म्हणजे चांगलं तेल, हे डोक्यातून काढायचं. सायलेन्सर साफ झाला, गाडी पळायला लागली. विलास घरी येऊन म्हणाला, "आक्का, म्हातारा लय भारी हाय!"

त्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिलातल्या एका सकाळी, विलास पहिल्या पाळीला निघाला होता. ठाणे-बेलापूर रोडवर धावत्या गाडीचं इंजिन एकदम जाम झालं. मागचं चाक अडकलं, गाडी फरफटली आणि हा रस्त्याच्या कडेला फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून वाचला. उजव्या पायाची नडगी मात्र दोन जागी मोडली. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याला पाणी विचारायच्या आधी मी त्याला बोलले. वेगाच्या नादापायी स्वतःचा जीव घालवशील, आईला मी काय तोंड दाखवू, असं सगळ्या वॉर्डासमोर. तो म्हणाला, "आक्का, पन्नासवर होतो गं मी. आईशप्पथ." मी विश्वास ठेवला नाही. त्याच्या सुपरवायझरनंही ठेवला नाही. "रेस लावली असणार," असं म्हणून त्यानं निरोप पाठवला, की बरा झाल्यावरही यायची गरज नाही. तीन दिवस मी विलासशी कामापुरतं बोलत होते. तोही भिंतीकडे तोंड करून पडून असायचा...

विलासला घरी आणलं त्याच दिवशी दुपारी यासीनभाई दिघ्याला आले. मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. चढाच्या गल्लीनं चालत आल्यामुळे धाप लागली होती, पण खुर्ची दिली तरी बसले नाहीत. हातातल्या वर्तमानपत्राची घडी उलगडून त्यांनी एक पिस्टन दाखवला. बाजूनं ओरखडेच ओरखडे.

"ताई, पोराची चूक नाय. माजी हाय."

मला काही समजेना. ते उभ्या उभ्या सांगत राहिले. अपघाताच्या दोन दिवस आधी त्यांनी गाडीचा तेलाचा पंप साफ केला होता. नळी परत जोडली की तिच्यातली हवा काढून टाकावी लागते, तेलाची सलग धार दिसेपर्यंत. "त्या दिवशी तीन गाड्या उभ्या व्हत्या. घाई केली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला. तेल पुढं पोचलं नाय, पिस्टन तापला, फुगला, जाम झाला. मोडलेली गाडी गाळ्यावर आनली, काल इंजिन खोललं तवा कळलं."

"म्हणजे तो जोरात नव्हता?"

"किती जोरात व्हता ते मला नाय म्हाईत. खोटं कशाला बोलू? पन हवा असंल तर चाळीसवर पन हेच झालं असतं."

मी त्यांना नको नको ते बोलले. पोराचा जीव गेला असता तर काय केलं असतं, म्हणाले. तुमच्यामुळे मी माझ्या भावाला चार लोकांत टाकून बोलले, म्हणाले. ते मान खाली घालून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "ते तुमी मलाच बोलाया पायजे व्हतं. बोललात, बरं झालं." मग आत खाटेपाशी जाऊन त्यांनी तेच सगळं विलासला सांगितलं. अपघातानंतर पहिल्यांदा विलास रडला. "आक्का, मी सांगत नव्हतो तुला?" एवढंच म्हणाला. त्या वाक्यानं मला जे झालं ते अजून होतं.

दुसऱ्या दिवशी भाई तो पिस्टन घेऊन विलासच्या कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमन आत सोडेना. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत ते उन्हात उभे राहिले, आणि सुपरवायझर जेवायला बाहेर आला तेव्हा त्याला गाठून सांगितलं, की चूक मिस्त्रीची आहे, मुलाची नाही, पाहिजे तर लिहून घ्या. त्यानं खरंच लिहून घेतलं. विलासचं नाव हजेरीपटावर राहिलं आणि चार महिन्यांनी तो पुन्हा कामावर गेला. भाईंना मात्र त्याची किंमत मोजावी लागली. 'यासीननं इंजिन जाम केलं' ही बातमी जुईनगर ते नेरूळ पसरायला आठवडा पुरला. गाळ्यासमोर गाड्यांची रांग असायची तिथं कुत्री झोपायला लागली. दुसरा एखादा म्हणाला असता, की पोरगं वेडंवाकडं चालवतं, मी काय करू! भाई मात्र विचारील त्याला बुडबुड्याची हकीकत पहिल्यापासून सांगायचे.

पुढं ओळख वाढल्यावर मी त्यांना एकदा विचारलं होतं, "भाई, तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?" त्यांनी आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. "कुनालाच नाय. पन तुमी पोराला जलमभर बोलत बसला असता ना?"

गाडी त्यांनी नव्यासारखी उभी केली. पण विलासचं मन उडालं होतं. त्यानं कंपनीची बस धरली. आता गाडीचं काय करायचं हे विचारायला मी गाळ्यावर गेले. भाई म्हणाले, "इकू नका. तुमाला दिघ्यावरून बेलापूरला जायाला दोन बसा बदलाव्या लागतात. तुमीच का नाय चालवत?" मला मोपेड येत होती, पण ही? बुटक्या हँडलची, पोरांची गाडी? साडी नेसून? "साडी नका नेसू. बाकी गाडीला काय म्हाईत, वर कोन बसलंय!" खरं सांगायचं तर मला ती पहिल्या दिवसापासून चालवायची होती. हे मी कुणाला बोलले नव्हते. भाईंना ते कसं कळलं, देव जाणे. जुईनगरच्या सेक्टरमागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मला पंधरा दिवस शिकवलं. मी पडले तेव्हा धावत आले नाहीत. लांबूनच ओरडले, "आधी पेट्रोलचा कॉक बंद करा!"

त्यांची अट एकच होती, की गाडी नुसती चालवायची नाही. प्लग काढून रंग बघायला त्यांनी मला शिकवलं. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, ओला काळा म्हणजे तेल जास्त, पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय. पंपाला हात लावला तर हवा काढायचीच, आणि शिवाय पहिल्या टाकीभर पेट्रोलमध्ये थोडं तेल वेगळं मिसळायचं, म्हणजे नळीनं दगा दिला तरी इंजिन उपाशी राहत नाही. ही दुसरी सवय त्यांनी विलासच्या अपघातानंतर लावून घेतली होती. एकदा माझ्या गाडीतून दाट पांढरा धूर यायला लागला. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं बाहेरूनच सांगितलं, पिस्टन गेला. मी गिअरचं तेल तपासलं, तर पातळी खाली गेलेली. भाईंकडे जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते हातातलं काम ठेवून म्हणाले, "मंग? काय असंल?" मी भीत भीत म्हणाले, "आतलं सील फाटलं असेल. गिअरचं तेल इंजिनात जाऊन जळतंय." ते शेजारच्या टपरीवर जाऊन दोन चहा सांगून आले. इंजिन उघडल्यावर सीलच निघालं.

गिऱ्हाईक परत आलं ते विलासमुळे. पाय बरा झाल्यावर तो लंगडत गाळ्यावर गेला आणि आपल्या खात्यातल्या तिघांना गाड्यांसकट बरोबर घेऊन गेला. "माझं इंजिन यांनीच जाम केलं," असं त्यानं त्यांना सांगितलं, "आणि सांगायलाही हेच आले." त्या तिघांनी आणखी माणसं आणली.

भाई देवमाणूस होते असं मला म्हणायचं नाही. हट्टी होते. नव्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या तेव्हा त्यांनी दोन वर्षं त्यांना 'शिलाई मशीन' म्हणत नाक मुरडलं. एका बँकवाल्यानं तशा गाडीत कारचं महागडं तेल ओतलं आणि तिचा क्लच घसरायला लागला. रेस वाढवली तरी गाडी ओढेना. भाईंनी क्लचच्या प्लेटा बदलल्या. पुन्हा तेच. मग थेंब बोटात चोळून पाहिला, तर तेल नको तेवढं निसरडं. कारचा क्लच कोरडा असतो, मोटारसायकलचा तेलात बुडालेला. तिला तिचंच तेल लागतं. साठी ओलांडलेल्या माणसानं त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "पहिल्या प्लेटा चांगल्या व्हत्या. मी शिकलो नव्हतो." आणि तेल बदलून जुन्या प्लेटा पुसून परत बसवून दिल्या.

मागच्या आठवड्यात रुबिनानं गाळा रिकामा करायला मला बोलावलं. विलासही आला. हत्यारं एका पेटीत भरली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मग मागच्या फळीवरचा पडदा बाजूला केला, तर तिथं तेलाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या. गाडीत घालून उरलेलं तेल ते ज्याचं त्याच्या नावानं ठेवून द्यायचे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक बाटलीला कागद चिकटवलेला, त्यावर बॉलपेननं नाव आणि त्या गाडीची एखादी खोड. 'पाटील, नेरूळ. सकाळी चोक लागतो.' 'बँकवाले साहेब. कारचं तेल नको.' तिघांनी मिळून त्या पिशव्यांत भरल्या. जुईनगरच्या दोन पिशव्या वाटून झाल्या आहेत. नेरूळच्या विलास रविवारी देणार आहे. माणसं बाटली हातात घेतात, कागद वाचतात आणि दारात तशीच उभी राहतात...

माझीही बाटली होती. तळाला चार बोटं तेल. कागदावर लिहिलं होतं, 'कुंदाताई. पुढच्या वेळी क्लच केबल बदलने. दोन तारा तुटल्यात.' दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला गाडी नेली होती तेव्हाचं ते असणार. मी केबल विकत आणली आणि काल सोसायटीच्या आवारात बसून स्वतः बदलली. जुनी बाहेर काढली तर तारा खरंच तुटलेल्या होत्या, दोनाच्या आता पाच झाल्या होत्या. मग बाटलीतलं तेल गाडीच्या तेलाच्या टाकीत ओतलं, किक मारली आणि ऑफिसला निघाले.