घरात वाळवलेल्या फळ्या

लाकूड वाळवायचं म्हणजे काय, ते मला लग्नानंतर कळलं. माझं माहेर वराळ्याचं. तिथं लाकूड बघायचं ते फर्निचरच्या दुकानात, पॉलिश मारलेलं. आंदर मावळात आले तर दारातच नवऱ्याची सॉ मिल. पत्र्याची शेड, एक मशीन, बाहेर आंब्याचे नि निलगिरीचे ओंडके, आणि घरभर भुसा. पहिल्याच दिवशी मी डाळीतून भुसा निवडत बसले, तर सासूबाई हसायला लागल्या. "निवडू नगंस, संपायचा न्हाई त्यो," म्हणाल्या. मी त्यांना आत्या म्हणते.

पूर्वी गावातली दारं-खिडक्या आमच्याकडंच चिरून जायची. आता दारं तयार मिळतात आणि खिडक्या लोखंडी असतात. त्यामुळे मिल चालते ती नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्याच्या जिवावर. तिथं माल ठेवून उचलायला लाकडी पॅलेट लागतात, त्यांच्या फळ्या आम्ही देतो. उन्हाळ्यात काही अडत नाही. थप्पी लावायची, दर दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालायच्या म्हणजे वारा खेळतो, बाकीचं ऊन बघतं. पावसाळ्यात मात्र आमच्याकडं वारासुद्धा ओला असतो.

गेल्या श्रावणात टेम्पो भरला तसाच परत आला. तिथल्या साहेबानं फळीत ओल मोजायच्या मीटरच्या सुया टोचल्या, आकडा बघितला आणि ओला माल चालणार नाही म्हणून सांगितलं. हे दारात येऊन बसले ते चपलासुद्धा न काढता. "ह्या येळी नुसता माल परत धाडतो म्हनला. फुडच्या येळी ओलं आनलं तर काम दुसऱ्याला." दुसरं गिऱ्हाईक आम्हाला नव्हतं. भात पिकतं ते खाण्यापुरतं. मिल बंद पडली तर ह्यांना त्याच कारखान्यात कंत्राटावर हमाली करावी लागणार, हे आम्हा तिघांनाही न बोलता कळलं.

तेव्हा आत्याच म्हणाल्या, "घरात भाताचं बी वाळतं, मासळी वाळती. फळ्यांना काय झालं? आना आत, भुशाच्या शेगड्या पेटवू."

एवढं बोलताना त्या दोनदा थांबल्या. आत्यांना जुना दमा आहे. तळेगावच्या डॉक्टरांनी पंप दिला होता आणि धुराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून तर मी भांडून चूल बंद केली होती आणि गॅस आणला होता.

"आत्या, आन् तुमचं काय?"

"मी काय फळी हाय व्हय, वाकडी व्हायला?"

हे नाही म्हणतील म्हणून मी ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. हे उठले आणि शेडकडं चालायला लागले. मला इतका राग आला, की पाठीमागून लाटणं फेकावंसं वाटलं. पण मग मीही पदर खोचला आणि फळ्या उचलायला गेले. दुसरं करणार तरी काय होते?

सगळं घर फळ्यांनी भरलं. माळ्यावर फळ्या, भिंतीला फळ्या, आत्यांच्या बाजेवर छातीइतक्या उंच फळ्या. वाकू नयेत म्हणून वर भाताची पोती ठेवली, पाटा ठेवला, गॅसची रिकामी टाकीसुद्धा चढवली. आत्या भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच झोपायच्या. आडवं झालं की तसाही दम लागतो, असं आम्हालाच समजवायच्या. आणि खाली भुशाच्या शेगड्या. डब्यात मधोमध दांडा उभा धरायचा, भोवती भुसा ठासायचा, दांडा अलगद काढला की भोक राहतं, मग खालून पेटवायचं. दिवसभर धुमसत राहते. धूर इतका, की समोरचं माणूस खोकल्यावरून ओळखावं.

खिडकी उघडली की बाहेरची ओल फळ्यांवर, बंद केली की आत्या कासावीस. माझा सगळा जीव त्या खिडकीपाशी. जरा उघडायची, आत्यांचा श्वास ऐकायचा, ह्यांनी बघितलं की लावायची. फळ्यांतलं पाणी कुठं जाणार? भिंती पाझरायला लागल्या, मीठ विरघळलं, अंथरुणं पिळून काढावीत अशी झाली. मला तर वाटायचं, की हे सगळं पाणी आत्यांच्या छातीत साठतंय. हे येता-जाता फळ्यांवर बोटानं टकटक करून आवाज ऐकायचे. त्या फळ्यांचा मला इतका तिटकारा आला होता, की त्या वाळत आहेत ह्याचासुद्धा आनंद होईना.

एका दुपारी आत्यांचा श्वास अडकला. ओठ काळे पडले, पंप दाबला तर नुसती हवा. ह्यांनी त्यांना उचलून शेडमध्ये नेलं. तिथं पावसाचे शिंतोडे येत होते, पण निदान धूर नव्हता. मी ओरडले, "आई पायजे का फळ्या? फेका त्या भाईर!" हे खरंच आत गेले, एक फळी उचलून दारात आले आणि तिथंच थांबले. पाऊस समोर पडत होता. हे रडत होते. आत्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता हात हलवला, आत ठेव म्हणून.

शेजारच्यांच्या मोटारसायकलवरून हे नवा पंप घेऊन येईपर्यंत मी आत्यांची पाठ चोळत बसले. त्या वाचल्या. त्या दिवसापासून आत्या शेडमध्येच बसायला लागल्या, अंगाभोवती घोंगडी आणि पोतं गुंडाळून. मुक्कामाला तेवढ्या घरात.

शेवटी ताडपत्री बांधून टेम्पो निघाला, तेव्हा मीही पुढं बसले. परत पाठवलं तर भांडायचं, असं ठरवूनच बसले होते. साहेबानं इथली फळी बघितली, तिथली बघितली, तळातलीही ओढून सुया टोचल्या. मग मान हलवली. "एकदम ड्राय. ह्या पावसात? लाकूड वाळवायची भट्टी बसवली का?"

"व्हय," हे म्हणाले, "घरचीच हाय."

"मग चिंता मिटली. पाऊस आहे तोपर्यंत दर आठवड्याला असाच माल द्या."

घरी आत्या मोकळ्या बाजेवर उशांना टेकून पडल्या होत्या. दारं-खिडक्या सताड उघडी. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, पण चेहरा निवला होता.

"घेतलं का?"

नाही म्हणावं, असं फार वाटलं. घेतलं नाही, गेलं काम, आता तुम्ही निवांत झोपा. पण हे दारात उभे होते.

"घेतलं," मी म्हटलं. "आनखी मागितलंय. दर आठवड्याला."

आत्यांनी माझ्याकडं हात केला. "धर मला. बाज मोकळी करू."

मी त्यांना धरून उठवलं, भिंतीला बसवलं. मग खिडकी लावून घेतली आणि शेगडीत भुसा ठासायला बसले.