बॉनेटवरचं प्लास्टिक

बाहत्तरच्या दुष्काळात हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडं जाणाऱ्या सडकेवर मी खडी फोडली. हाताला फोड आले, डोळ्यात दगडाची कपची गेली, पण सडक काही पुरी झाली न्हाई. दुष्काळ सरला, माणसं आपापल्या गावी गेली आन् खडी तशीच डांबरावाचून उघडी पडली. पुढच्या साली आमच्या गावच्या मालकानं नवीकोरी मोटार घेतली, आन् तीच खडी उडून तिच्या रंगाचे टवके काढायला लागली. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या मोटारीवर डायवर होते आमचे हे. म्हणून फार हसायचीही सोय नव्हती.

हे आधी त्याच मालकाकडं सालगडी होते. सालगडी म्हंजे वर्षभराच्या बोलीनं बांधलेला माणूस. दिवस उगवला की औत, मावळला की गोठा. मालकाच्या ट्रॅक्टरवर बसून बसून यांनी गाडी शिकली, परभणीला खेटे घालून लायसन काढलं. आमच्या वस्तीत स्टेरिंग धरणारा हा पहिला माणूस. आमी धम्म घेतलेली माणसं, मेली ढोरं ओढायची, दवंडी द्यायची, ती सारी गावकीची कामं सोडून दिलेली. पण पोट अजून मालकाच्याच हातात होतं. खाकी शर्ट घालून हे सकाळी निघाले की मी दारात उभी राहून बघायची. माझं मागणं एकच होतं, काही झालं तरी हा माणूस परत औतामागं जाऊ नये. यांचंही तेच होतं, फक्त ते बोलून दाखवत नव्हते.

मालकाचा सारा जीव मोटारीत. टवका उडाला की बोटानं चाचपत बसायचा आन् यांना विचारायचा, "काहून रे, डोळे कुठं असतेत तुझे?" अरे बाबा, सडकेभर खडी, माणूस काय मोटार डोक्यावर घेऊन जाईल? हे आपले "जी मालक" म्हणायचे. शेवटी मालकानं नांदेडहून जाड, आरपार दिसणारं प्लास्टिक आणलं. त्यानं बॉनेट मढवायचं. रंग तर दिसला पाहिजे, पण दगड लागला न्हाई पाहिजे. हौसेला मोल न्हाई म्हणतेत ते हेच.

प्लास्टिक लावायला मुहूर्त धरला दसऱ्याचा. त्या दिवशी सकाळी मालकाच्या आईनं मोटारीची पूजा केली. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं आन् बाजूला घरच्या हळदीच्या पाची बोटांचे ठसे उठवले. यांनी ते बघितलं आन् म्हणाले, "मालक, हे धुवून कोरडं करू, मग प्लास्टिक लावू. खाली ओल राहिली तर रंग खाऊन टाकंल."

म्हातारी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "दसऱ्याची पूजा पुसतोस व्हय? हात लावून तर बघ."

पूजा पुसायची न्हाई, ती आपसूक गेली पाहिजे, अशी त्यांची रीत. मालकाला आईचा शब्द मोडवेना आन् मुहूर्तही सोडवेना. मग त्यानंच आपल्या हातानं पूजेवरून प्लास्टिक पसरलं. हे नुसते कडंकडंनं फिरले, सायकलवाल्याकडून आणलेलं पंक्चरचं सोलुशन लावून कडा दाबत. मधल्या कुंकवाला यांचं बोटसुद्धा लागलं न्हाई. घरी येऊन मला सारं सांगितलं तेव्हा मी म्हणलं, "तुमी सांगायचं काम केलं, आता त्यांचं ते बघतील." किती येडी होते मी. त्यांचं ते कधी बघतेत का?

चार-सहा महिने मालक मोठ्या मिजाशीत होता. सेनगावच्या बाजारात मोटार उभी करायचा आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, पूजाही शाबूत, रंगही शाबूत. उन्हाळ्यात प्लास्टिक पिवळं पडलं. पावसाळ्यात खाली फुगे आले. हे दोनदा म्हणाले, "मालक, काढून बघू का?" मालक म्हणाला, दसऱ्याला काढू, नव्या पूजेच्या येळेला.

दसरा आला. मी लेकरू कडेवर घेऊन यांची भाकर द्यायला गेले होते, अंगणाच्या भाईर उभी होते. मालकानं कड धरून प्लास्टिक ओढलं, तसा रंग त्याला चिकटूनच वर आला. जिथं जिथं ओलं कुंकू आन् हळद होती, तिथं तिथं खालचा पत्रा गंजून लाल झाला होता. स्वस्तिक तसंच्या तसं गंजाचं. पाची बोटं गंजाची. पाया पडायला आलेली गावची दहा-पंधरा माणसं बघत राहिली.

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "ह्याचाच हात फिरला होता तवा," ती यांच्याकडं बघून म्हणाली. "पूजा बाटली. घरावर काय येतं आता कुणाला ठावं."

वड्याचं तेल वांग्यावर काढायचं म्हंजे किती! मला राहवलं न्हाई. मी भाईरूनच म्हणलं, "बाईसाब, पूजेवर प्लास्टिक मालकांनी पसरलं. हे तर धुवा म्हणत होते. तुमीच धुवू दिलं न्हाई."

सारी माणसं खाली बघायला लागली. मालक माझ्याकडं बघतच न्हाई. त्याला सारं बराबर ठावं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो, अजून येतो. तो यांच्याजवळ गेला आन् बारीक आवाजात म्हणाला, पण मला ऐकू आलं. "हे बघ, आईचं समाधान झालं पाहिजे. चार माणसांत म्हण, माझा हात लागला म्हणून झालं. चावी तुझीच राहील. न्हाई तर उद्यापासून औतावर ये."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, न्हाई म्हणून. जोरात हलवली.

हे दोन पावलं ओट्याकडं गेले. "व्हय, बाईसाब," म्हणाले. "माझ्या हातानं बाटलं."

एवढंच. मग म्हातारीनं तांब्या मागवला आन् गोमूत्र शिंपडायला लावलं. स्टेरिंगवर, दारावर, डायवरच्या गादीवर. मालकानं चावी वरूनच यांच्या ओंजळीत सोडली. ते ओल्या गादीवर बसले, मोटार चालू केली आन् मालकाला सोनं वाटायला घेऊन गेले. भाकर माझ्याच हातात राहिली.

दिवेलागणीला घरी आले. खाकी शर्ट काढून खुंटीला अडकवला आन् भिंतीला टेकून बसले. मी ठरवलं होतं, आज या माणसाला चांगलं फैलावर घ्यायचं. तोंडात शिव्यासुद्धा तयार होत्या. तेवढ्यात आमचं लेकरू उभं राहून, पाय टाकत टाकत त्यांच्याकडं निघालं. नुकतंच चालायला शिकून राहिलं होतं. रोज हे दोन्ही हात पुढं करून त्याला उचलायचे.

त्या दिवशी त्यांनी हात पाठीमागं घेतले.

मी जाऊन लेकरू उचललं आन् त्यांच्या मांडीवर टाकलं. "धरा," म्हणलं. "पडंल ते."

मग त्यांनी धरलं.