‘बांधावरची बैठक’ बघतं कोण?

आधीच सांगतो, हे सगळं मला जसं आठवतं तसंच घडलं असं मी शपथेवर सांगणार नाही. परवा आमचे जुने कॅमेरामन सलीमभाई घरी आले होते. पानाचा किस्सा निघाला. मी म्हणालो, पान मोसंबीचं होतं. ते म्हणाले, ‘बिलकुल न्हाई सर, डाळिंबाचं.’ आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, ‘पान कसलं? भेंडी होती ती.’ आता तिघांपैकी खरं कोण? असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माणसं चहाला बसतात आणि एकाचे तीन होतात. माझ्याकडे असा बराच साठा झाला आहे. त्यातले थोडे सांगतो. बाकीचे सांगून झाल्यावर मला स्वतःलाच नीट पटेनासे होतात.

मी आयुष्यभर कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन जालन्यात, मस्तगडच्या घरी बसलो होतो, तेव्हा वैशालीताई आल्या. ग्रामीण भागासाठी चालणाऱ्या सरकारी वाहिनीत त्या निर्मात्या होत्या. मूळच्या अंबडच्या. मुंबईतलं चांगलं पद सोडून, भांडून, जालन्याला एक छोटा स्टुडिओ त्यांनी मंजूर करून आणला होता. आपल्या भागाचं बोलणं आपल्या भागाच्या पडद्यावर दिसावं, एवढाच त्यांचा हट्ट. रोज संध्याकाळी साडेसहाला अर्धा तास थेट प्रक्षेपण, शेतकऱ्यांचे फोन आणि तज्ज्ञांची उत्तरं. कार्यक्रमाचं नाव ‘बांधावरची बैठक’. आणि तज्ज्ञ म्हणजे मी.

‘ताई, मला जमेल का?’ मी विचारलं.

‘सर, मलाही जमेल की नाही माहीत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण मुख्यालयातून दर महिन्याला एकच प्रश्न येणार आहे. बघतं कोण? त्याचं उत्तर देता आलं नाही, तर स्टुडिओला कुलूप. मग कार्यक्रम मुंबईतून होईल, त्यांच्या मराठीत.’

हा प्रश्न पुढे आमच्या डोक्यावर पंख्यासारखा फिरत राहिला.

* * *

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एका शेतकऱ्याचा फोन आला. पानावर डाग पडलेत म्हणाला.

‘डाग कसे आहेत? तपकिरी की काळपट?’

‘आता कसं सांगू साहेब? थांबा, दाखवतो.’

थोडी खडखड ऐकू आली. मग लांबून आवाज आला, ‘हं. दिसून राह्यलं का?’

तो माणूस घरातल्या टीव्हीसमोर जाऊन, माझ्या चेहऱ्यासमोर पान धरून उभा होता! मी पडद्यावर त्याला दिसतो, म्हणजे तोही मला दिसत असणार, हा त्याचा हिशेब. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

कारण मी चष्मा काढला, पुसला, आणि नीट बघायला पुढे वाकलो.

ते थेट गेलं. सबंध मराठवाड्यात.

* * *

माझा स्वभाव घाबरट आहे. त्यात शिक्षण जास्त झालं, त्यामुळे कुठलीही गोष्ट ठामपणे म्हणताना जीभ अडखळते. ‘बहुधा’, ‘शक्यतो’, ‘साधारणपणे’ हे तीन शब्द माझ्या प्रत्येक वाक्यात येतात म्हणून वैशालीताईंनी काचेपलीकडून हात जोडले होते.

एक दिवस घनसावंगीकडून फोन आला.

‘साहेब, एकच सांगा. उद्या फवारणी करू का न्हाई?’

मी सुरुवात केली. ढग असतील तर नको. पण ढग उघडले तर हरकत नाही. वारा असेल तर मात्र पुन्हा विचार करावा लागेल. अर्थात कीड किती आहे त्यावरही ते अवलंबून आहे, आणि कीड नेमकी कोणती हे पाहिल्याशिवाय…

‘साहेब,’ तो शांतपणे म्हणाला, ‘तुमचं ठरू द्या. मी फोन चालू ठेवतो.’

दुसऱ्या लाइनींवर बाकीच्यांचे फोन येत राहिले. मी हळदीवर बोललो, कापसावर बोललो, मोसंबीच्या बहारावर बोललो. कार्यक्रम संपत आला. निरोपाचं वाक्य बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कानातल्या यंत्रातून तोच आवाज आला.

‘ठरलं का साहेब?’

‘करा,’ मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं एका शब्दाचं उत्तर. काचेपलीकडे वैशालीताईंनी टाळ्या वाजवलेल्या मला दिसल्या. मला मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेवण गेलं नाही. दर तासाला गच्चीवर जाऊन आभाळ बघत होतो. आभाळ स्वच्छ राहिलं, हे माझं नशीब.

* * *

कुंभार पिंपळगावचा आठवडी बाजार चित्रित करायला आम्ही गेलो होतो. मुख्यालयाला जिवंत दृश्यं हवी होती. गर्दी, हालचाल, घासाघीस. सलीमभाईंनी कॅमेरा लावला. सरपंच मोठे हौशी. आपल्या गावाचं काम नीट व्हावं म्हणून त्यांनी आम्हाला न विचारता देवळाच्या भोंग्यावरून जाहीर केलं, ‘टीव्हीवाले आलेत. शूटिंग चालू हाय. कुणी मधी मधी हलू नका. गावाची इज्जत हाय.’

आणि अख्खा बाजार थांबला.

मिरच्या तोलणाऱ्या बाईचा तराजू हवेत. गुळाच्या ढेपेवरची माशी हाकलणाऱ्याचा हात हवेत. चहाच्या टपरीवर एक जण कप ओठाला लावून तसाच. मी ओरडतोय, ‘अहो हला, हला!’ तर समोरचा म्हातारा ओठ न हलवता पुटपुटला, ‘सरपंच म्हणू द्या. मंग हलतो.’

सरपंच तिकडे देवळात, भोंग्यापाशी, स्वतः ताठ उभे!

चित्रफीत मुख्यालयात गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘तुम्ही बाजाराचा फोटो पाठवलाय. आम्हाला व्हिडिओ हवा होता.’

‘व्हिडिओच हाय साहेब,’ सलीमभाई म्हणाले. ‘शेवटपर्यंत बघा. डाव्या कोपऱ्यातून एक बकरी जाती.’

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. ‘बकरीनं इज्जत राखली सर. न्हाई तर आपली नोकरी गेल्तीच.’

* * *

थेट झालेला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवायचे. एका दुपारी मी घरी गंजीफ्रॉकवर बसून माझाच कार्यक्रम बघत होतो. हौस म्हणून नाही. आपण काय काय चुकीचं बोललो, त्याची मला धास्ती असायची.

दार वाजलं. अंबडकडचे एक शेतकरी, हातात पिशवी, पिशवीत मातीचा नमुना. पत्ता विचारत विचारत आले होते. त्यांना मी खुर्ची दिली. ते बसले, आणि त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. पडद्यावर मी चुनखडीच्या जमिनीबद्दल बोलत होतो.

‘हां, तुमची जमीन बहुधा तशीच असणार,’ मी पिशवीत हात घालत म्हणालो. ‘त्यात काय होतं, की…’

त्यांनी मला हातानं थांबवलं.

‘जरा गप ऱ्हावा सर. साहेब बोलून राह्यले.’

मी गप्प बसलो. आम्ही दोघांनी कार्यक्रम पूर्ण बघितला. संपल्यावर ते उठले, समाधानानं म्हणाले, ‘बराबर सांगितलं त्यांनी,’ आणि पिशवी घेऊन निघून गेले. मला काही विचारायचं त्यांच्या मनातच राहिलं नाही.

हे मी वैशालीताईंना फोन करून सांगितलं, तर त्या आनंदानं जवळजवळ किंचाळल्या. ‘सर, एक जण निघाला! नाव विचारलंत?’

नाव विचारायचं मी विसरलो होतो.

* * *

आणि शेवटी व्हायचं ते झालंच. मुख्यालयातून कळवलं गेलं की पाहणी अधिकारी स्वतः येणार. कुठल्याही एका गावात, साडेसहाच्या ठोक्याला, न सांगता जाणार, घराघरांत डोकावणार, आणि स्टुडिओ ठेवायचा की नाही ते परत जाऊन सांगणार. वैशालीताईंना आणि सलीमभाईंना स्टुडिओ सोडता येणार नव्हता. माझ्या जागी त्या दिवशी दुसरे तज्ज्ञ बसवले, आणि साहेबांबरोबर वाट दाखवायला मला पाठवलं.

निघताना वैशालीताई म्हणाल्या, ‘सर, फक्त तुम्ही काही बोलू नका.’

साहेब सभ्य गृहस्थ होते. मोजकं बोलणारे. त्यांनी स्वतःच नकाशावर बोट ठेवून गाव निवडलं, कुंभार पिंपळगाव. सूर्य खाली आला होता, तेव्हा आम्ही पहिल्या घरात शिरलो. टीव्ही चालू. आमच्या कार्यक्रमाची सुरुवातीची सनई आणि हलगी मोठ्यानं वाजत होती. मला इतका आनंद झाला की मी साहेबांचा हात धरला.

टीव्हीसमोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या घरात गेलो. टीव्ही चालू, समोर रिकामी बाज. तिसऱ्या घरात टीव्हीसमोर एक मांजर झोपलेलं. चौथ्या घरात तेही नाही. सगळ्या गल्लीत आमचा कार्यक्रम घुमत होता आणि बघायला चिटपाखरू नव्हतं.

‘टीव्ही लावून लोक जातात कुठे?’ साहेबांनी विचारलं.

वैशालीताईंनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं, मी नुसतं पुढच्या घराकडे बोट केलं.

गल्लीच्या टोकाला केशरबाई म्हणून एका बाईंचं घर. इथे तर टीव्ही चक्क दारात आणून ठेवलेला, पडदा बाहेर, गोठ्याच्या दिशेनं. गोठ्यात केशरबाई चरवी गुडघ्यात धरून म्हशीची धार काढत होत्या. साहेब वाकून म्हणाले, ‘मावशी, हा कार्यक्रम तुम्ही रोज बघता का?’

‘न्हाई बा. मला कुठला टाईम?’

संपलं, मी मनात म्हणालो. मला स्टुडिओचं कुलूप दिसायला लागलं.

‘मग टीव्ही कशाला लावलाय?’

‘हिच्यासाठी,’ केशरबाईंनी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं होतं, ते तसंच ठेवून त्या म्हणाल्या. ‘सनई वाजल्याबिगर पान्हा सोडत न्हाई.’

साहेब सरळ उभे राहिले. ‘म्हैस?’

‘मंग काय मी? साऱ्या गल्लीच्या म्हशींना तीच सवय लागली. धारेचा टाईम आन् तुमच्या सनईचा टाईम एकच पडला ना. मधी एकदा तुम्ही लोकांनी क्रिकेटची म्याच लावल्ती. डेअरीची गाडी अर्ध्या कॅनवर परत गेली. पोरं खूश, म्हशी नाराज.’

‘आणि सनई संपल्यावर? पुढचा कार्यक्रम?’

‘तो चालू ऱ्हावा लागतो. मधीच बंद केला तर लाथ मारती.’

साहेब हिशेबी माणूस. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं. ‘मी क्षणभर बंद करून बघू का?’

‘बघा की,’ केशरबाई म्हणाल्या. ‘पर मंग पुढची धार तुम्ही काढायची.’

साहेबांनी हात मागे घेतला. तिथल्याच एका पालथ्या घमेल्यावर ते बसले आणि कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला. म्हैसही अधूनमधून पडद्याकडे मान वळवत होती. माझ्या जागी बसलेले तज्ज्ञ फार चांगलं बोलत होते, माझ्यापेक्षा नक्कीच. निघताना केशरबाईंनी आम्हाला पेलाभर ताजं दूध दिलं. साहेबांनी ते उभ्यानं संपवलं.

परतीच्या वाटेवर अंबड मागे पडलं. मग त्यांनी एकच विचारलं, ‘म्हैस दिवसातून किती वेळा दूध देते?’

‘दोनदा,’ मी म्हणालो. ‘सकाळी आणि संध्याकाळी.’

त्यावर मला शंका नव्हती.

स्टुडिओत वैशालीताई दारातच उभ्या होत्या. त्यांना मी काय सांगणार? ‘बघणारं कुणी सापडलं नाही,’ एवढंच म्हणालो. आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं दिवे बंद केले. पुढच्या काही दिवसांत सलीमभाईंनी तर दुसरं काम शोधायलाही सुरुवात केली.

मग मुख्यालयाचा निर्णय आला. स्टुडिओ राहणार. ‘बांधावरची बैठक’ चालू राहणार. शिवाय आता ती पहाटेही दाखवावी.

वैशालीताई आनंदानं रडल्या. सलीमभाईंनी सगळ्यांना जिलेबी वाटली. पहाटे कोण बघणार, असं मी विचारलं, तर सगळे मिळून माझ्या अंगावर आले. साहेबांनी मुख्यालयात नेमकं काय सांगितलं, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

बऱ्याच वर्षांनी अंबडला एका लग्नात पंगतीत माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. बघतो तर साहेब. तेही आता निवृत्त झाले होते. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी विचारून टाकलं. ‘साहेब, त्या दिवशी टीव्हीसमोर तर कुणीच नव्हतं. मग वरती तुम्ही काय सांगितलंत?’

‘जे बघितलं तेच. घरटी दोन प्रेक्षक, रोज, न चुकता.’

‘दोन? दोन कोण?’

साहेबांनी वरणभाताचा घास सावकाश संपवला.

‘एक धार काढणारी,’ ते म्हणाले, ‘आणि एक देणारी.’