रिवर्कला गेलेला गुडघा

जयसिंगराव पडले ते स्वतःच्याच तपासणीत. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घरी गॅलरीला नवी फरशी बसवली होती. उतार बरोबर काढलाय की नाही हे बघायला त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, आणि पाणी कुठं जातंय हे बघत बघत स्वतःही त्याच्यामागून गेले. उतार चोख निघाला. गुडघ्याची वाटी मात्र फुटली.

माणूस नोकरीनंच तसा घडवलेला. चाकणच्या एका कंपनीत उभा जन्म क्वालिटीत गेला. पोरांनी केलेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा आणि केसभर जरी कमी भरला तरी रिजेक्ट म्हणून लाल डब्यात टाकायचा. पोरं हातापाया पडायची, "राव, एवढ्यानं काय होतंय? जाऊ द्या की." जयसिंगराव जाऊ देत नसत. रिटायर झाल्यावर डबा सुटला, सवय सुटली नाही. बायकोच्या, कस्तुराबाईंच्या, भाकरीची गोलाई काय, शेजाऱ्यानं लावलेली गाडी काय, कशाचीच सुटका नव्हती.

बुद्धविहारातही तेच. वंदनेला सगळे सतरंजीवर मांडी घालून बसत, आणि गुडघे दुखणारी मंडळी मागं भिंतीलगत खुर्च्यांवर. जयसिंगराव आत येताना त्या रांगेपुढं मुद्दाम थांबत आणि सगळ्यांत थोरल्या तानुबाईंना एसटीच्या कंडक्टरच्या थाटात विचारत, "काय मावशी, तिकीट काढलं का?" सगळी रांग हसे. तानुबाईही हसत, पण पदर तोंडाला लावून.

आता ऑपरेशन झालं, गुडघ्यात तारा बसल्या, डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडलं, आणि जयसिंगरावांना पायापेक्षा त्या खुर्चीचाच घोर लागला. बुद्धपौर्णिमेला मांडी घालता आली तर विहारात जायचं, नाहीतर घराबाहेर पडायचंच नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

फिजिओ होती दीक्षा, त्यांच्याच कंपनीतल्या समाधानची मुलगी. गुडघा किती वाकतो हे मोजायला तिनं प्लॅस्टिकची कोनपट्टी काढली, तेव्हा जयसिंगरावांनी विचारलंच, "ही कॅलिब्रेट कधी केली होती?"

"पट्टी ठीक आहे काका. व्यायाम केला का?"

"केला की."

"कुठला केला?" कस्तुराबाई म्हणाल्या. "पाय लांब करून टीव्ही बघत होते."

चोरी पकडली गेली, तसे ते खरोखरच व्यायामाच्या मागं लागले. पलंगावर बसून टाच चादरीवरून मागं ओढायची, थांबायचं, पुन्हा ओढायची. डोळ्यांत पाणी यायचं. कस्तुराबाईंनी विचारलं तर म्हणायचे, "घाम आहे."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दीक्षानं पट्टी लावली. जयसिंगरावांनी हळूच कंबर उचलून कोन वाढवून बघितला.

"काका, कंबर खाली."

कंबर खाली आली. तिघंही पट्टीवर वाकले. मांडीला लागतो त्यापेक्षा कोन कमी होता. फार नाही, थोडाच.

कस्तुराबाईंना नवऱ्याचं तोंड बघवेना. त्या म्हणाल्या, "उद्या एक गोळी घ्या आणि बसा मांडी घालून. एवढ्यानं काय होतंय? जाऊ द्या की."

 हे वाक्य जयसिंगरावांनी जन्मभर ऐकलं होतं, आणि त्याचं उत्तर त्यांना एकच येत होतं.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

"रिजेक्ट कशाला काका? रिवर्क. दुरुस्त करून पुन्हा मोजायचं," दीक्षा म्हणाली. बापाच्या तोंडून हे शब्द ऐकतच ती मोठी झाली होती. "अजून महिनाभर द्या. पण उद्या घरी बसू नका. खुर्चीवर बसायचं."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंनी काही न विचारता इस्त्रीचे पांढरे कपडे पुढं ठेवले. जयसिंगराव काठी टेकत विहाराच्या दारापर्यंत आले आणि तिथंच थबकले. मागं फिरावं असं फार वाटलं. मागच्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती, तानुबाईंच्या शेजारची. तिच्यावर तानुबाईंनी आपली पिशवी ठेवून जागा धरली होती.

जयसिंगरावांना बघताच तानुबाईंनी पिशवी उचलली. "काय जयसिंगा, तिकीट काढलं का?"

सगळी रांग हसली. जयसिंगरावही हसायला गेले, पण ते हसू कसंबसं आलं. मावशी इतकी वर्षं पदर का लावत होत्या ते कळलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"काढलं मावशी. फार उशिरा काढलं."

"मग बस. पाय लांब कर." तानुबाईंनी तीच पिशवी त्यांच्या टाचेखाली सरकवली, आणि वंदना सुरू व्हायच्या आत हळूच म्हणाल्या, "लई दुखतं रं हे. तुला कधी बोलले न्हाई."